खाली कोण राहतं?

प्रेमानंद सर कळमनुरीचे इंजिनिअर. मी त्यांच्याकडे नकाशे काढायला होतो. सर पालीला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाला फी सांगायला भ्यायचे. त्यामुळे फी गिऱ्हाईकच ठरवायचं.

गावची रीत एकच. भिंत म्हटली की इंजिनिअरच्या फीचाही फुटावर भाव. कंपाउंडची असो की मातीचा भराव अडवणारी, मोजायची ती लांबी. उंची कोणी विचारत नसे. २००५ च्या उन्हाळ्यात गोपीचंदशेठनी उतारावरच्या प्लॉटात भर टाकली. ती अडवायला साठ फूट लांब, बारा फूट उंच दगडी भिंत हवी होती. सरांनी चाचरत बाराशे सांगितले. सहाशे नकाशाचे, सहाशे चारदा येऊन काम बघायचे. मिस्त्री हुशार आहे, तुम्ही कशाला तकलीफ घेता, असं शेठ म्हणाले आणि बघायचे सहाशे गळाले. भांडण झालं नाही म्हणून सर उलट खूश.

पुढच्या वर्षी ऑगस्टात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या सकाळी सरांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि मला ओळंबा घ्यायला सांगितलं.

शेठच्या त्या भिंतीखाली जनकाबाईंचं पत्र्याचं घर. ओळंबा सोडला, तर भिंत मधोमध दोन बोटं पुढं आलेली. त्याहून वाईट म्हणजे तिच्यातून पाण्याचा थेंबही बाहेर येत नव्हता. मागचं पाणी निघायला नकाशात आम्ही चोवीस भोकं दाखवली होती, एकही दिसेना. अंगणात घाण पाणी येतं म्हणून जनकाबाईंनीच भांडून ती शेठकडून सिमेंटनं बुजवून घेतली होती.

म्हणजे तीन दिवसांचं पाणी मागं कोंडलेलं. माझे पाय आपोआप मागं सरकत होते. सर जनकाबाईंना लेकरं घेऊन बाहेर निघा म्हणाले. जनकाबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. तव्यावर भाकर होती.

"बाई, मी भ्यालोय," सर म्हणाले. "नकाशा माझा हाय, अन् बांधताना एकदाबी बघायला आलो न्हाई."

इंजिनिअरच भ्यालेला बघून त्या लेकरं घेऊन निघाल्या.

सरांनी पहार उचलली आणि मला लांब उभं केलं. मीही फार आग्रह धरला नाही. टोकाचं पहिलं भोक फुटलं तसं गढूळ पाणी त्यांच्या छातीवर आलं. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटायचो. चोवीस भोकं मोकळी व्हायला दुपार झाली. भिंत उभी राहिली. दिवाळीनंतर शेठनी ती उतरवून पुन्हा बांधली, तेव्हा सर रोज तिथं जाऊन बसायचे.

फी सांगताना सरांचा आवाज अजून कापतो, पण आकडा खाली येत नाही. परवा पुसेगावचे रामप्रसाद आले आणि भराव अडवायच्या भिंतीचा फुटाचा भाव विचारू लागले. सरांनी आधी उंची विचारली.

"अन् खाली कोण राहतं?"

"काहून? तुमी भावाचं सांगा की."

"तेच काढून राहिलो," सर म्हणाले.