मालनआक्काच्या डंकावरचं मिक्स

डंकावर चटणी कुटताना लाल भुकटी उडते आणि वाशांवर जाऊन बसते. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी नवा थर. आमच्या किश्श्यांचंही तसंच. मालनआक्काच्या मसाल्याच्या डंकासमोर एक बाकडं आहे. त्यावर आम्ही तिघं: इंग्रजीचे रिटायर मास्तर इनामदार सर, बँकेतनं रिटायर झालेले कांबळे, आणि सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला मी. काडी टाकायचं खातं माझ्याकडं.

* * *

एकदा आक्कानं आतनं विचारलं, "सर, मिक्स म्हंजे काय वो? भाजी मिक्स, दूध मिक्स, आता गाणीबी मिक्स."

सरांना एवढंच निमित्त लागतं. "मूळ लॅटिन. इंग्रजीत आधी 'मिक्स्ट' आला, म्हणजे मिसळलेलं. त्यातनं पुढं 'मिक्स' सुटा झाला, म्हणजे मिसळणं. आपला 'मिश्र', आपली 'मिसळ', सगळी एकाच कुळातली."

मी म्हटलं, "म्हंजे आधी काला झाला, कालवायचं मागनं सुचलं?"

"अगदी बरोबर."

हे वाक्य मी खिशात टाकून ठेवलं.

* * *

सर मिसळ खातात ती बघण्यासारखी. फरसाण कोरडं, कट वेगळ्या वाटीत, कांदा लांब. "प्रत्येकाची चव स्वतंत्र कळली पाहिजे," म्हणतात.

त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि मी अख्खा कट फरसाणावर ओतला. "एकाच कुळातली मंडळी, सर. किती दिस लांब ठेवायची?"

कांबळे ठसका लागेपर्यंत हसले. सरांनी मला शिव्या घातल्या, आणि वर जादा कट मागवला.

* * *

गणपतीत मंडळानं कॅरमची मिक्स डबल ठेवली. सरांची मीनल आणि कांबळ्यांचा सिद्धार्थ, कागलच्या एमआयडीसीतला इंजिनीअर, अशी जोडी. फायनल मारली पोरांनी. सगळ्यात जोरात टाळ्या सरांच्या.

"काय समज आहे दोघांत. एकमेकांकडं न बघता खेळतात."

"बोर्डावर बघत न्हाईत, सर," मी म्हटलं. "बाकी समदीकडं बघत्यात."

सर हसले. पुढच्याच महिन्यात मीनलनं घरात सांगितलं, लग्न करीन तर सिद्धार्थशीच. मग कोणी हसलं नाही.

* * *

सर बाकड्यावर यायचे बंद झाले. रस्त्यात गाठले तर म्हणाले, "मैत्री वेगळी, सोयरीक वेगळी. घरं अशी मिक्स होत नाहीत."

कांबळेही ताठ. "माझं पोरगं काय वाटंवर पडलंय व्हय? सर माझ्या दारात आल्याबिगर मी विषय काढणार न्हाय."

पोरं त्याहून हट्टी. दोन्ही घरं हो म्हणतील तेव्हाच लग्न. सगळं अडलं.

* * *

पण वर्षाची चटणी काय थांबत नाही. उन्हाळ्यात सर मिरच्या घेऊन डंकावर आले. दुसऱ्या घरची चटणी आपल्यात येऊ नये म्हणून ते दरवर्षी आपल्या मिरच्यांची एक मूठ आधी कुटून फेकून द्यायला लावतात. यंदाही मूठ पुढं केली.

आक्का म्हणाली, "टाका की. पर उखळाच्या कडंला मागल्या घाण्याचं ऱ्हातंयच, सर. दरसाल तुमच्या आधी कांबळ्यांचा नंबर. त्यांची ब्याडगी लालभडक. तुमच्या चटणीला रंग कुठनं येतोय वाटलं? यंदा ते अजून आल्यालं न्हाईत. रंगाची जबाबदारी माझी न्हाय."

सरांची मूठ तशीच राहिली. त्या रंगाचं कौतुक त्यांनी आजवर अख्ख्या गल्लीला ऐकवलेलं.

मी खिशातलं वाक्य काढलं. "आधी मिक्स्ट, सर. मिक्स मागनं."

सरांनी मिरच्या पिशवीत भरल्या आणि ते निघाले. घराच्या दिशेनं नाही, कांबळ्यांच्या गल्लीकडं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी डंकासमोर स्कूटर थांबली. पुढं सर, मागं कांबळे, मधे मिरच्यांच्या दोन पिशव्या.

"एकच घाणा," सर म्हणाले.

"आन् आधीची मूठ?" आक्कानं विचारलं.

"नको."

घाणा निघाला. लालभडक. डंकावर प्रत्येक डब्यावर घराचं नाव लिहायची पद्धत आहे. आक्का खडू घेऊन थांबली. "नाव कुणाचं?"

"कांबळे लिहा," सर म्हणाले.

"छ्या! इनामदार लिव्हा," कांबळे म्हणाले.

"मी सांगतोय ना, कांबळे."

"आवो, डबा तुमचा हाय की."

दोघं हातघाईवर आले. मागं रांगेतल्या बायका कावल्या. शेवटी आक्कानं डबा आपल्याकडं ओढला आणि झाकणावर ठळक अक्षरात लिहिलं: मिक्स.