गाडीखालचं घमेलं

आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई सिंदेवाहीजवळच्या गावात राहते, धानाची शेती करते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी होती, तिचं वैशाखात लग्न झालं, ती चिमूरला गेली आणि घर एकदम मोठं झालं. त्या दिवसांत मी चंद्रपुरातनं दर रविवारी बाईकडं जायचो. गाडी नवीकोरी होती, मिरवायचीही हौस होतीच.

पहिल्याच रविवारी अंगणात उतरलो तर बाई गाडीखाली वाकून पाहतेय.

"बाबू, तुही नवी गाडी मुतून राह्यली!"

मी म्हटलं, एसीचं पाणी आहे, गळणारच. बाईनं थेंब तळहातावर घेतला. वास घेतला. "थंडगार हाय," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं चहा आणायला गेली. ती आली घमेलं घेऊन.

कारण अंगणाच्या कोपऱ्यात होतं. लग्नाच्या मांडवात आपण उंबराची फांदी रोवतो. मांडव निघाला तरी ही फांदी तशीच राहिली होती, आणि तिला चक्क फूट आली होती. दोन पानं, तीही उंदराच्या कानाएवढी. नळाला दिवसाआड पाणी, विहिरीनं तळ गाठलेला. मी म्हटलं, हंड्यातलं तांब्याभर घाल की.

"पिन्याचं पानी झाडाले घालू काय? लोकाईले प्याले नाई!" मग फांदीकडं बघत म्हणाली, "पोरीच्या मांडवातलं हाय. थे पयल्यांदा घरी येईन तवा हिरवं दिसलं पायजे."

फांदी हिरवी राहिली तर पोर सासरी सुखात, असं कुठं सांगितलेलं नाही. हे शास्त्र बाईचं स्वतःचं. पण एकदा तिनं ठरवलं म्हणजे ठरलं.

मग काय विचारता! पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत. बाई आधी पाहुण्याचंच पाणी घ्यायला लागली. कुणी पत्रिका द्यायला येवो, कुणी बियाणं विकायला, गाडी थांबली की खाली घमेलं सरकलंच. वर हुकूम, "बंद नोको करू भाऊ, चहा होऊ दे." मला तर दोनदा चहा पाजायची. पेट्रोल जळतंय म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाली, "मंग हवा खायले आलता काय?" त्या कोरड्या उन्हात घमेल्याचं बूडही धड झाकायचं नाही. तेवढंच ती ओंजळीनं फांदीच्या बुडाशी सोडायची, बाळाला न्हाऊ घातल्यासारखं. मधे एक पान गळलं. त्या दिवशी बाई जेवली नाही. मला हसू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता. एवढ्या जिद्दीनं मी आयुष्यात काही जगवलेलं नाही.

शेवटी भाची येणार असा निरोप आला. मी मुद्दाम कडक इस्त्रीची पॅन्ट घालून गेलो. जावयासमोर मामा शोभायला हवा. फांदीवर तेव्हा चार पानं होती. दुपारी जावयाची गाडी अंगणात शिरली. बाई भाकरतुकडा ओवाळायचा सोडून घमेलं घेऊनच पुढं झाली. सवयच ती.

भाची उतरली. दोन पावलं टाकली आणि कोपऱ्याकडं बघत तिथंच थांबली.

"माय वं, हे तं माह्या मांडवातलं!"

बाईच्या हातातलं घमेलं खण्णकन पडलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. जावई बिचारा चाव्या हातात घेऊन उभा. आणि इकडं गाडीखाली टप टप थेंब पडत होते, फुकट मातीत जात होते. ते काही मला बघवेना. मी घमेलं उचललं, इस्त्रीच्या पॅन्टीसकट धुळीत गुडघे टेकले आणि ते गाडीखाली सरकवलं. जावई माझ्याकडं बघतच राहिला.

बाईचं रडणं चालूच होतं. लेकीच्या खांद्यावर हनुवटी, डोळ्यांना धार लागलेली. तशातच ती म्हणाली,

"डावीकडं घे, बाबू. थेंब बाहेर पडून राह्यला."