विद्याचा मोकळा दिवस

विद्या उभ्याने लिहायची. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा जुना फ्रिज होता. त्याच्या डोक्यावर कागदांचा गठ्ठा, आणि गठ्ठा उडू नये म्हणून वर पाट्याचा वरवंटा. घरात टेबल नव्हते असे नाही. पण टेबलापर्यंत तिच्या लेकीचा, तनूचा हात पोचायचा आणि खुर्चीवर चढून धाकट्या शौर्यचाही पोचायचा. फ्रिजच्या डोक्यापर्यंत अजून कुणी पोचत नव्हते. कणीक मळून झाली, कुकरची शिट्टी व्हायची होती, अशा मधल्या फटीत ती हात पदराला पुसायची, वरवंटा उचलायची आणि उभ्याउभ्या दोन ओळी लिहायची. तेवढ्यात पायाला मिठी पडायची.

मी तिची शेजारीण. तुळजापूरकडच्या वाशीत, तालुक्याच्या लहानशा गावात, आमची घरे भिंतीला भिंत लागून. मी कॉलेजात मराठी शिकवते, एकटी राहते, माझ्या घरात आवाज होत नाही. म्हणून तिच्या घरातला प्रत्येक शब्द मला ऐकू यायचा. ओळख व्हायच्या आधीपासून मी भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकत होते. "एक वाक्य, तनू! एकच वाक्य!" मग थोडी शांतता. मग पोरीचा आवाज, "झालं का वाक्य?" मग विद्याचा सुस्कारा. तो सुस्कारासुद्धा भिंतीतून यायचा.

एक दिवस मी साखर द्यायच्या निमित्ताने गेले. ती फ्रिजपाशी पेन हातात धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "या अक्का, बसा. तुमच्यामुळं थांबले म्हणजे बरं वाटतं. न्हाईतर पोरांमुळंच थांबायचं असतं रोज."

तिचा एक कथासंग्रह निघालेला होता. पातळसा, पण त्यातली माणसे खरी होती. लग्नाआधी लिहिलेला. आता ती कादंबरी लिहीत होती. कादंबरीतली बाई नवऱ्याचे घर सोडून निघते आणि तामलवाडीच्या फाट्यावर येऊन उभी राहते. सोलापूरची गाडी धरायची की परत तुळजापूरकडची, एवढे एकच ठरायचे होते. पण ते ठरवायला विद्याला सलग वेळ हवा होता. "दोन ओळींच्या फटीत कुणाचा जन्म ठरतो का, अक्का?" ती म्हणायची. "तिसरा हिवाळा आहे. बाई फाट्यावर उभीच आहे माझी. पाय मोडून आले असतील तिचे."

हिवाळ्याचा तिला विशेष राग होता. दिवाळी उरकली की थंडी सुरू व्हायची, आणि पहिल्याच आठवड्यात शौर्यचे नाक वाहू लागायचे. मग तनूचे. मग दोघांचे एकदम. गाल फुटायचे, खोकला लागायचा, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकायची. सकाळी पायरीवर ऊन आले की ती दोघांना कानटोप्या घालून तिथे बसवायची. कानटोप्या पाच मिनिटांत गल्लीत पडलेल्या दिसायच्या. "थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो. मला शेंबूड," ती म्हणायची. "माझ्या कागदांवर बघा, शाईपेक्षा त्येचेच डाग जास्ती."

प्रमोद, तिचा नवरा, तहसिलीत कारकून. सरळ माणूस. त्याला बायकोच्या लिहिण्याचा अभिमान होता. पाहुण्यांना संग्रह काढून दाखवायचा. पण लिहिणे म्हणजे विणकामासारखे, हाताशी ठेवावे आणि जमेल तसे करावे, अशी त्याची मनापासून समजूत. "पोरं झोपल्यावर लिही की," तो म्हणायचा. ती म्हणायची, "पोरं झोपल्यावर मी पण पोरांचीच आई असते ओ. झोप मला पण येते."

एकदा तालुक्याच्या कुठल्याशा कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. पाहुणे म्हणाले, घरदार, लेकरंबाळं सांभाळून विद्याताई लिहितात, हे कौतुकास्पद आहे. नारळ आणि शाल घेऊन ती माझ्याकडे आली आणि शाल खुर्चीवर फेकली. "सांभाळून म्हणजे काय ओ? उरलेल्यात! भाकरी झाल्यावर परातीत उरलेलं पीठ बोटानं गोळा करतो न्हाई का आपण, तसं लिहिते मी. त्या पाहुण्याला विचारा, तुम्ही लेकरं सांभाळून भाषण करता का?"

मग ती हसली. तिचा राग फार वेळ टिकत नसे. टिकायला वेळ लागतो, आणि तोच नव्हता.

त्या वर्षी येळवस जवळ आली तेव्हा तिला एक कल्पना सुचली. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा, मग आंबील, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि दिवसभर रानातच. घरी मागे राहिलेले माणूस दिसले तर लोक त्याला सोडत नाहीत. स्वतःचे शेत नसले तरी कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेतोच. कुणाला मागे ठेवून जाणे आमच्याकडे बरे समजत नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी विद्या माझ्याकडे आली. दार लोटून घेतले.

"अक्का, उद्या मी रानात जाणार न्हाई."

"म्हणजे? सासूबाई सोडतील?"

"आत्याबाईंना फोन केला. म्हटलं, मी बाहेरची झाले. त्या म्हणल्या, मग पूजेला नको येऊ बाई, आम्ही करतो सगळं. जाऊबाई आहेत भाकऱ्यांना." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "खोटंय. पण ज्या नियमाला मी कॉलेजापासून शिव्या दिल्या, तो एकदा तरी माझ्या कामाला यावा का न्हाई?"

"आणि पोरं?"

"ती ह्यांच्यासंगं. सकाळी गाडीवर बसतील, दिवस मावळता येतील. आख्खा दिवस, अक्का! गल्लीत कुणी न्हाई, घरात कुणी न्हाई. उद्या ती बाई गाडीत बसणार म्हणजे बसणार."

अडचण एकच होती. गल्लीतले लोक जाताजाता हाक मारणार. दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाप्याला आपण बाहेरचे आहोत हे कसे सांगायचे? आणि नाही सांगितले तर ओढून नेणार. त्यावरही तिने उपाय काढला होता.

"तुमचं कुलूप माझ्या दाराला बाहेरनं लावा. किल्ली घेऊन जावा रानात. घराला कुलूप दिसलं की कोण हाक मारतंय?"

"अगं, आत माणूस ठेवून कुलूप? काय झालंबिलं तर?"

"काय होणाराय? झालं तर कादंबरी होईल."

सकाळी प्रमोदची मोटारसायकल निघाली. पुढे टाकीवर शौर्य, मागे तनू, दोघांच्या कानटोप्या हनुवटीखाली गाठ मारून बांधलेल्या. तनू वळून वळून ओरडत होती, "आई, तू का न्हाई येत? आई, चल की!" विद्या हात हलवत राहिली. गाडी कोपऱ्यावरून वळली तशी तिने माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखा झाला होता. मी कुलूप लावले. आतून तिचा आवाज आला, "ओढून बघा, लागलं का." मी ओढून पाहिले. लागले होते.

माझ्या भावाचे शेत जवळच आहे. मी तिथे गेले, पूजा झाली, जेवले. वहिनीने आंबिलीचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "वन्सं, ध्यान कुठंय तुमचं? वाशीत काय इसरून आलात का काय?"

"काही नाही," मी म्हटले. पण माझे मन त्या बंद घरात होते. ज्वारी कंबरेच्या वर आली होती, करडईत पोरे लपाछपी खेळत होती, आणि मी मनातल्या मनात फाट्यावरच्या त्या बाईला गाडीत बसवत होते. कधी सोलापूरच्या, कधी तुळजापूरच्या. मला फार आनंद झाला होता. दुसऱ्या कुणाचे काम पूर्ण होत असल्याचा इतका आनंद मला पूर्वी झालेला आठवत नाही.

उन्हे कलली तशी मी निघाले. गल्ली रिकामी होती. तिच्या दाराला कान लावला. काहीच आवाज नव्हता. लिहिते आहे, मी म्हटले, आणि कुलूप न काढता पायरीवर बसून राहिले. पोरे यायच्या आत तिला हवा तेवढा वेळ मिळू दे म्हणून. शेवटी थंडी वाजू लागली तेव्हा हळूच कुलूप काढले.

विद्या जमिनीवर झोपली होती. पोरांच्या गादीवर, शौर्यची छोटी दुलई अंगावर घेऊन; ती जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचत होती. कागद शेजारी नीट पसरलेले. आज फ्रिजवरून खाली काढून, मांडी घालून लिहायला बसली असणार. पेनाचे टोपण काढलेले होते. वरचा कागद कोरा होता.

मी उठवले नाही. मोटारसायकलच्या आवाजाने तिला जाग आली. ती गाडी दुसऱ्याच कुणाची होती. दचकून उठली, खिडकीकडे बघत म्हणाली, "किती वाजले?"

"दिवस मावळतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कागदांकडे. मग तिने तळहात जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा.

"जरा पाठ टेकावी म्हटलं, अक्का. सकाळी. बसले आणि इतकं शांत होतं की... सगळा दिवस गेला? सगळा?"

"अगं, अंगाला झोपेची गरज असेल."

"अंगाचं नका सांगू मला! अंगाचं सगळीच बघत्यात. खाल्लं का, झोपलीस का, बारीक झालीस." ती रडत नव्हती. नुसती चिडली होती, आणि चिडायला समोर कुणी नव्हते. "एरवी पोरांवर ओरडता येतं, ह्यांच्यावर येतं. आज कुणावर ओरडू? आजचा दिवस कुणी न्हेला न्हाई. मीच खाल्ला."

तेवढ्यात खरोखरची गाडी आली. पोरे आत घुसली, अंगाला धुराचा आणि मातीचा वास. तनूच्या मुठीत बोरे होती, घामाने ओली झालेली. "तुझ्यासाठी आणली. दोन खाल्ली मी." विद्याने एक बोर तोंडात टाकले, शौर्यचे नाक पुसले. प्रमोद बूट काढता काढता म्हणाला, "झोपली होतीस ना? बरं झालं. बघा की मॅडम, तोंड कसं टवटवीत दिसतंय."

विद्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता ती काहीतरी फेकणार. ती कागद गोळा करायला लागली.

तो हिवाळा तसाच गेला. ती म्हणायची, उन्हाळ्यात पोरे मामाकडे जातील तेव्हा बघू. उन्हाळ्यात पोरे मामाकडे गेली. पण विद्याला कावीळ झाली म्हणून गेली. आधी साधी वाटली, मग वाढली, मग सोलापूरला न्यावे लागले. मी भेटायला गेले तेव्हा डोळे पिवळे झाले होते, आवाज उतरला होता. म्हणाली, "इथं लई शांत आहे अक्का. पण पेन धरवत न्हाई." त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

वाचनालयात शोकसभा झाली. पाच जण बोलले, पाचही जण घर सांभाळून लिहिण्याबद्दल बोलले. मला बोलायला सांगितले. मी उठले आणि मला काही बोलता आले नाही. लोकांना वाटले गहिवरून आले. गहिवर नव्हता तो. मला त्या परातीतल्या पिठाचे सांगायचे होते, आणि समोर प्रमोद बसला होता, मांडीवर शौर्य झोपलेला. कुणाला बोल लावणार होते मी?

पुढे प्रमोद कागद घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, शेवट तेवढा तुम्ही लिहा. तुम्हाला ती सांगत असेल. पुस्तक निघालं पाहिजे तिचं."

"तिलाच ठाऊक नव्हतं, प्रमोद. ती ठरवणार होती."

"मग दोन पानं कशीतरी... अर्धवट कसं छापायचं? लोक काय म्हणतील?"

"अर्धवट म्हणतील. आहेच ते अर्धवट."

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. नंतर म्हणाला, "मी कधी न्हाई म्हटलं नव्हतं तिला लिहायला." ते खरेच होते. मी तसे सांगितलेही. त्यामुळे त्याला बरे वाटले की नाही, कळले नाही. कागद आहेत तिथपर्यंतच छापायचे, असे शेवटी त्याने मान्य केले. मी आता ते उतरवून काढते आहे. अक्षर उभ्याने लिहिलेले, वाकडे. काही पानांवर हळद आहे. काम हळू चालते. घाई करावीशी वाटत नाही.

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. तनू पहिलीत जाते. विद्याच्या सासूबाई आता इथेच राहायला आल्या आहेत; सकाळी त्या भाकऱ्यांत असतात, म्हणून ती वेणी घालून घ्यायला माझ्याकडे येते. काल माझ्या टेबलावरचे कागद बघून तिने विचारले, "हे आईचं?"

"हो."

"गोष्ट संपली का?"

"नाही. राहिली."

"का?"

"वेळ मिळाला नाही तिला."

तनूने आरशातून माझ्याकडे पाहिले. तिला कळले नव्हते. तिच्या जगात ज्या गोष्टी मिळत नाहीत त्या कुणीतरी न दिलेल्या असतात.

"कुणी दिला न्हाई?" तिने विचारले.

दारात प्रमोद तिचे दप्तर घेऊन उभा होता. त्याने दप्तर खाली ठेवले. मी रिबिनीची गाठ मारली, ती सैल झाली, पुन्हा मारली. तनू आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत उत्तराची वाट पाहत होती.