हलूनका काकांचा हललेला फोटो

बाजारात त्यांना सगळे हलूनका काका म्हणायचे. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. आणि काकाही बिनतक्रार ओ द्यायचे.

बाजाराच्या तोंडाशीच त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय हो, एक पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा आणि गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट. कंगवा बांधलेला, कारण आधीचे सगळे गिऱ्हाइकांच्या खिशातून गावभर फिरायला गेले. कोट पाठीवर उभा कापलेला, म्हणजे जाड्यालाही होईल आणि बारक्यालाही. फोटोत पाठ दिसते कुठे? हमालापासून चावीवाल्यापर्यंत बाजारातला झाडून सगळा पुरुषवर्ग आपापल्या ओळखपत्रावर त्याच एका कोटात बसलेला.

काकांचा मंत्र ठरलेला. "हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू द्या. आता हलू नका." मग सगळं चिडीचूप, आणि खट्ट. फोटोत माणूस असा दिसायचा की आत्ताच त्याच्यासमोर निकाल वाचून दाखवलाय. पण कचेरीतून फोटो कधी परत यायचा नाही.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि स्टुडिओ बंद झाला. काका घरी बसले. बसले कसले, घर सरळ करायला लागले. फळीवरचे डबे एका रेषेत, कपांचे कान एका दिशेला. काकू म्हणाल्या, "अहो, मी तरी हलू का, की मीही फळीवर जाऊन बसू?"

आणि असं म्हणून स्वतःच हसल्या. काकूंचं हसणं म्हणजे पत्र्यावर वाटाण्याचं पोतं सुटल्यासारखं. शेजारणीला भिंतीपलीकडून कळायचं, की काकांची आज परत फजिती झाली.

मग उन्हाळ्यात काकू आजारी पडल्या. साध्यासुध्या नाही, चांगल्या आडव्या झाल्या. दवाखान्यातल्या बाकावर बसून बसून काकांनी पाकीट उघडलं. आत काकूंचा एकच फोटो. हनुवटी खाली, दोन्ही कान बाहेर, चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. काकांनी तो उलटसुलट करून बघितला. सगळ्या गावाचे फोटो काढले आपण, आणि जिच्या हसण्यावर घर चाललं तिचं हसू आपल्याकडे कुठेच नाही? उद्या काही बरंवाईट झालं तर ते आठवायचं कशात बघून?

देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, दिवाळीच्या तोंडावर काकू बऱ्या होऊन घरी आल्या. काकांनी आठ-पंधरा दिवस धीर धरला आणि एकदा चाचरत मनातलं बोलून टाकलं.

"म्हणजे मी गेले असते तर हा फोटो भिंतीवर लावला असता तुम्ही?" काकूंनी पाकिटातला फोटो चिमटीत धरला. "लोक भेटायला आले असते आणि विचारलं असतं, बाई कुठल्या गुन्ह्यात होती हो?"

परत वाटाणे सांडले. काकांनी झटकन कॅमेरा उचलला. झालं! काकूंची मान ताठ, पदर सारखा, केस कानामागे, तोंडाला कुलूप. मोबाइलनं करून बघितलं, तरी तेच.

"मी काय करू?" काकू वैतागल्या. "इतकी वर्षं हलू नका, हलू नका केलंत. आता माझं अंगच ऐकत नाही. आधी परक्यांवर हात बसवा. बाजारात जा, चालत्याबोलत्या माणसांचे काढा. जमलं की या माझ्याकडे."

तर अशी काकांची स्वारी ऐन थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, भल्या सकाळी बाजारात जायला लागली.

काय ती थंडी! कोबीच्या पानांवर दव, हमालांच्या हातात गरम चहाचे पेले, आणि जो तोंड उघडेल त्याच्या तोंडातून वाफ. भाव सांगणाऱ्याची वाफ, घासाघीस करणाऱ्याची वाफ, शिव्या देणाऱ्याची तर दुप्पट. काका हरखले. इतकी वर्षं पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून बसलो, आणि पाठीमागे हे चाललेलं होतं होय?

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि अख्ख्या गल्लीची वाफ बंद झाली.

खोटं नाही सांगत. भाजीवालीनं हातातली जुडी खाली ठेवून केस कानामागे घेतले. चावीवाल्यानं कानस बाजूला ठेवून हनुवटी खाली घेतली. डोक्यावर पोतं घेतलेला हमाल, तोही जागच्या जागी ताठ. एकूण एक माणसानं श्वास धरलेला. बाजार कसला, पासपोर्टच्या फोटोंचा ताव!

"अरे हला!" काका ओरडले.

"असं कसं? तुम्हीच म्हणता ना, हलू नका," भाजीवाली ओठ न हलवता म्हणाली.

रोज तीच गत. काका खांबाआडून काढायला गेले, संत्र्यांच्या ढिगामागे लपले, काही उपयोग नाही. शेवटी एका सकाळी भाजीवालीच्या ओट्यावर टेकले आणि सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातला बाक, पाकीट, काकूंचं हसू, सगळं. बोलताना चष्मा दोनदा पुसला. थंडीनं धूसर झाला म्हणे.

भाजीवाली मटार सोलायची थांबली. "काका, तुमच्या त्या गुन्हेगारासारख्या फोटोवर मला हा गाळा मिळाला. आज पोरं खातायत ते त्याच्यावर. उद्या काकूंना घेऊनच या. बाकीचं आम्ही बघतो."

"माझं तर लग्न जमलं त्या फोटोवर," चावीवाला म्हणाला. "बायको अजून विचारते, तो कोट कुठे ठेवलाय?"

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन गेले. शाल पांघरून, हळूहळू चालत काकू आल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच बाजारात. सगळ्यांनी विचारपूस केली, चावीवाल्यानं आपलं स्टूल दिलं. आणि भाजीवालीनं हुकूम सोडला, "चला रे, सगळ्यांनी हलायचं! नेहमीसारखं!"

काकांनी कॅमेरा वर केला आणि बाजारानं हलायला घेतलं. काय सांगू! भाजीवाली एकच कोबी तराजूत ठेवतेय, काढतेय, परत ठेवतेय, डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. चावीवाला किल्लीच नसलेल्या पकडीवर कानस घासतोय. हमाल रिकामं पोतं डोक्यावर घेऊन स्वतःभोवती गोल फिरतोय. आणि वाफ? कोणाच्याच तोंडून नाही. हात हलतायत, श्वास धरलेलाच.

काकू बघत राहिल्या. आधी बाजाराकडे, मग नवऱ्याकडे. हे मात्र आजवर कोणीच बघितलं नव्हतं. फोटो काढून घेणारा काचेकडे बघतो, काढणाऱ्याच्या छातीकडे कशाला बघेल? कॅमेरा डोळ्याला लागला की काकांची छाती फुगायची, गाल फुगायचे, आणि श्वास गप्प. हात हलू नये म्हणून जन्मभराची सवय.

"अहो!" काकू किंचाळल्याच. "श्वास तुम्ही धरताय! बेडकासारखे फुगलाय नुसते! तुमचं बघून नकळत तेही धरतात, आणि तुम्ही माझ्यावर खापर फोडता होय?"

भाजीवालीनं काकांकडे बघितलं आणि तिच्या हातातला कोबी घरंगळला. चावीवाला पोट धरून खाली बसला. आणि काकू? मान मागे, शाल खांद्यावरून घसरलेली, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून ही एवढी पांढरी वाफ. वाटाण्याची दहा पोती एकदम सुटली.

काकांना श्वास धरायचा होता हो, सवयीनं. पण हसणाऱ्या माणसाला श्वास धरता येतो कुठे? सगळं अंग गदगदत होतं, हात लटपटत होता, चष्म्यावर वाफ. काही दिसत नव्हतं. त्यांनी खटका दाबला.

फोटो छापून आला. स्टुडिओत असता तर काकांनी फाडून टाकला असता. तिरका, हललेला, एक कान केसांत गडप. हनुवटी पार आभाळाकडे. पण मधोमध काकूंचं हसू, आणि त्या थंडीनं केलेला त्याचा पांढरा ढग. ते हसू एरवी नुसतं ऐकू यायचं, इथे ते डोळ्यांना दिसत होतं. काका कितीतरी वेळ फोटो हातात धरून बसले. त्यांना त्या थंडीचे आभार मानावेसे वाटले, कोबीचे, चावीवाल्याच्या स्टुलाचे, दवाखान्यातल्या त्या बाकाचेसुद्धा.

बाजारात त्यांनी प्रत्येकाला एकेक प्रत नेऊन दिली. फोटोच्या कडेला भाजीवालीचं कोपर आलं होतं. तिनं तेवढ्यासाठी तो गाळ्यात लावला.

घरी काका हातोडी घेऊन उभे राहिले, पण खिळा ठोकेनात.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"भिंतीवर लावायचा म्हणजे..."

"लावा मेला! मी आहे तोवरच लावा, म्हणजे मलाही बघता येईल." काकांनी खिळा ठोकून फोटो अडकवला. काकू मान तिरपी करून म्हणाल्या, "आणि जरा सरळ. हलतोय बघा खिळ्यावर."

काकांनी हातोडी खाली ठेवली, मोकळा श्वास सोडला आणि म्हणाले, "हलू दे."