बहिणीच्या फ्रिजवरचा तक्ता

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण डेअरीत तिच्याबद्दल कोणी काही बोलायला लागलं की मी तिथूनच सुरुवात करतो. ती आमच्या डेअरीच्या लॅबची प्रमुख आहे आणि मी त्याच डेअरीचा टँकर चालवतो. म्हणजे दूध मी आणतो आणि ते चांगलं की वाईट ते ती ठरवते. आमच्या घरातली ही दोन माणसं नसती तर डेअरीत नुसत्या भिंती उरल्या असत्या, असं मी म्हणतो. कोणी हसलं तर हसू दे.

मी सातवीपर्यंत शिकलो. ती किती शिकली ते मला नीट सांगता येत नाही, पण दारावरच्या पाटीवर तिची पदवी लिहायला रंगाऱ्याला दोन ओळी लागल्या. तिला शाळेत सायकलवर मागे बसवून मीच सोडायचो. त्या हिशेबाने अर्धी पदवी माझी. हे मी तिच्या तोंडावरही बोलतो. ती म्हणते, "अर्धी नाही दादा, पाव. येताना मी चालत यायचे."

कौतुकालासुद्धा माप लावणारी बाई आहे ती.

डेअरीत तिला सगळे थांबामॅडम म्हणतात. टँकर फाटकातून आत आला की ही हात वर करून म्हणते, "थांबा." मग शिडीने टँकरवर चढायचं, झाकण उघडायचं, लांब दांड्याने दूध तळापासून ढवळून घ्यायचं, कारण नुसतं वरचं घेतलं तर मलईच हातात येते. मग सॅम्पल. आधी वास, मग तापमान, मग छोट्या नळीत दुधाइतकंच अल्कोहोल घालून हलवून बघायचं. गुठळी दिसली की टँकर परत. मागे कितीही टँकर उभे राहू देत, हॉर्न वाजवून कान किटू देत, तिचा हात हलत नाही. प्रत्येक सॅम्पलची फॅट दोनदा काढते. दोन आकड्यांत फरक आला तर तिसऱ्यांदा. बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, या बाईने लग्नाआधी नवरापण दोनदा तपासला असेल. दोनदा नाही, तीनदा. मी साक्षीला होतो.

ती नोकरीला लागली त्या आठवड्यात मी सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं, आता आपली लॅब घरची झाली, आपल्याला कोण अडवतंय. तिसऱ्याच दिवशी तिने माझा टँकर परत पाठवला. भर उन्हात, सगळ्यांसमोर. दूध नासायला लागलं होतं हे खरं, पण मी म्हटलं, "अगं, तासापूर्वी चांगलं होतं."

ती म्हणाली, "तासापूर्वी आणायचं होतं मग."

त्या दिवशी चार-पाच जण माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी त्यांना म्हटलं, हसताय काय, तुमच्या कोणाच्या बहिणीत आहे का एवढी हिंमत? तेव्हा आपापल्या टँकरकडे वळले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दूध तपासणाऱ्या लॅबचीसुद्धा तपासणी असते, हे मला आधी माहीत नव्हतं. बाहेरची एक संस्था माणूस पाठवते. तो सगळं बघतो, वजनकाटे, थर्मामीटर, वह्या, माणसं. पसंत पडलं तर सर्टिफिकेट देतात, की या लॅबने दिलेला आकडा कुठेही खरा धरावा. आमच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, सर्टिफिकेट मिळालं तर लॅब ठेवू, नाही तर टाळं लावू आणि सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवू. म्हणजे हिची लॅबच जाणार. दोन वर्षं ती त्याच्या मागे होती.

त्या दोन वर्षांत आमच्या घराची काय दशा झाली ते आईला विचारा. लॅबमधल्या प्रत्येक यंत्राला तिने चिठ्ठी लावली, कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. तिथलं संपलं तेव्हा ती घरच्या वस्तूंकडे वळली. एकदा माहेरी आली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर चिठ्ठी चिकटवून गेली, 'दहा ग्रॅम जास्त दाखवतो.' आई दोन दिवस त्या काट्याशी बोलत नव्हती. मला म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, या काट्यावर मोजून खाल्लं म्हणूनच एवढी झालीस."

तिचा एक नियम मात्र मी तुम्हाला सांगतो, कारण पुढे तोच नडला. तिच्या वहीत चुकलं तर खोडायचं नाही, वर गिरवायचं नाही, पांढरा रंग तर लावायचाच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. मी म्हटलं, चूक झाकायची सोडून चौकटीत बसवून ठेवतेस होय? ती म्हणाली, "हो."

तपासणी सोमवारी होती. रविवारी संध्याकाळी साडेपाचला मी टँकर घेऊन आलो. ती दुपारीच घरी गेली होती, मीच बळजबरीने पाठवली होती, डोळे बघवत नव्हते तिचे. गावागावांतून दूध भरताना घेतलेल्या सॅम्पलच्या बाटल्यांची पेटी माझ्याकडे. लॅबबाहेरच्या बोळात एक फ्रिज आहे, त्यात त्या बाटल्या ठेवायच्या असतात. दोन दिवस तिथे राहतात, म्हणजे कोणी भांडायला आलं तर तेच दूध पुन्हा तपासता येतं. फ्रिजच्या दारावर एक तक्ता लटकवलाय, दोरीला पेन बांधलंय. रोज सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान त्यात लिहायचं. दोनच्या खाली नको, सहाच्या वर नको.

मी बाटल्या ठेवल्या. हातात पेटी होती म्हणून दार कोपराने ढकललं. तक्त्याकडे नजर गेली तर रविवार संध्याकाळचा रकाना मोकळा. म्हटलं, उद्या तपासणी आणि हिचा रकाना मोकळा. तक्त्यात वर सगळीकडे चार, चार, चार. आत हात घातला तेव्हा चांगलं गार लागलं होतं. मी पेन घेतलं आणि चार लिहिलं. मग विचार केला, उद्या सकाळी हिची धावपळ असणार. म्हणून सोमवार सकाळलाही चार लिहिलं. मग सोमवार संध्याकाळला. पेन हातात होतंच, मंगळवारही उरकून टाकला.

घरी जाऊन आईला सांगितलं, की आज बहिणीचं मोठं काम करून आलो. आई म्हणाली, "तिला विचारलंस का?" मी म्हटलं, मोठ्या भावाने विचारायचं असतं का.

सोमवारी सकाळी सात वाजता तिचा फोन. "दादा, कुठे आहेस?"

"फाटकात. का गं?"

"फ्रिजपाशी ये."

गेलो. ती उभी होती आणि शेजारी मॅनेजरसाहेब, घामाघूम. ती तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"मीच. आभार नंतर मान."

"आज संध्याकाळी फ्रिजमध्ये चार डिग्री असणार, हे तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, रोज असतंच की. तिने फ्रिजचं दार उघडलं. उघडलं म्हणजे काय, ते उघडंच होतं. माझ्या एका बाटलीची मान पुढे आली होती आणि दार तिच्यावर टेकून राहिलं होतं. बोटभर फट. आतलं थर्मामीटर तिने माझ्या नाकासमोर धरलं. अकरा. आणि संध्याकाळी सातला तापमान घ्यायला आलेला शिफ्टचा माणूस रकाना भरलेला बघून तसाच परत गेला होता. मी तो मोकळा ठेवला असता तर त्याने दार उघडलं असतं आणि सगळं तिथेच निस्तरलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रविवारच्या सगळ्या बाटल्या बाद.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, नवा तक्ता काढा. महिन्याचा उतरवून घ्यायला दहा मिनिटं लागतील. तपासणीच्या बाई दहाला येणार आहेत."

"आणि काल संध्याकाळी काय लिहू?"

"चारच लिहा की. कोण आलंय बघायला?"

ती पेनाची दोरी बोटाला गुंडाळायला लागली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, ती असं करते म्हणजे तिला रडू येतंय. दोन वर्षांची मेहनत होती हो ती. मीसुद्धा म्हटलं, "ऐक साहेबांचं. माझ्यासाठी ऐक. माझ्यामुळे तुझी लॅब गेली तर मी आईला काय तोंड दाखवू?"

ती म्हणाली, "दादा, या तक्त्यात मी एक चार खोटा लिहिला ना, तर बाकीचे सगळे चार पण तुझेच झाले."

मग तिने पेन घेतलं. माझ्या पाचही आकड्यांवर एकेक रेघ मारली. सही, तारीख, वेळ. सोमवार सकाळला अकरा लिहिलं. आणि आत जाऊन चुकीची नोंद करायचा वेगळा फॉर्म असतो तो काढला आणि लिहायला बसली. मी मागे उभा राहून वाचलं. 'टँकरचालकाने तापमान न बघता नोंद केली, पुढील तारखांच्या नोंदीही केल्या.' मी म्हटलं, निदान चालक तुझा भाऊ आहे एवढं तरी नको लिहूस. तिने तेही लिहिलं. म्हणाली, लपवलं असं वाटायला नको.

तपासणीच्या बाई दहाला आल्या. बारीक, चष्म्याच्या, आवाज इतका हळू की सगळे पुढे वाकून ऐकत होते. दुपारपर्यंत त्यांनी काटे बघितले, वह्या बघितल्या, त्यांनी आणलेल्या दुधाची फॅट हिच्याकडून काढून घेतली. मी खिडकीतून बघत होतो. हिचा हात एकदाही हलला नाही. मग ही स्वतःहून तो फॉर्म घेऊन गेली आणि त्यांच्यासमोर ठेवला.

बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "भाऊ कुठे आहेत?"

मला आत बोलावलं. मी चप्पल काढून गेलो, उगाच.

"थर्मामीटर वाचता येतं तुम्हाला?"

"येतं की," मी म्हटलं. वीस वर्षं टँकर चालवतोय.

त्यांनी एक काचेचं हातात दिलं. मी बघितलं. खूप रेघा होत्या. म्हटलं, "चाळीस."

"डोक्याकडून नाही, तळाकडून वाचा."

माझ्या बहिणीने तोंडावर रुमाल धरला. सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे हलताना दिसले. मला बरंच वाटलं.

संध्याकाळी बाईंनी निकाल सांगितला. लॅबचं काम चोख आहे. पण ज्याला शिकवलं नाही असा माणूस नोंदी करतो, हा दोष. तो दूर केल्याचा कागद आला की सर्टिफिकेटची शिफारस करू, नाही आला तर नाही. मॅनेजर चटकन म्हणाले, सोपं आहे, उद्यापासून ड्रायव्हरने फ्रिजला हात लावायचा नाही. पण ही म्हणाली, "बाटल्या तर तेच आणतात. वाटेत पेटी गार आहे की नाही ते त्यांनाच बघायला लागतं. मी दादाला शिकवीन. परीक्षा घेईन. पास झाला तर कागद पाठवू."

"आणि नापास झाले तर?" बाईंनी विचारलं.

"तर नाही पाठवणार."

म्हणजे बघा, तिच्या दोन वर्षांची दोरी माझ्या हातात आली. सातवी पास माणसाच्या. त्या संध्याकाळी तिने मला दोन तास शिकवलं. घरी आल्यावर आई तिला फोनवर म्हणाली, "मोठा आहे गं तुझ्याहून, एखादा मार्क इकडेतिकडे कर." पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही, पण आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "अभ्यास कर रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लॅबमध्ये मला टेबलावर बसवलं. दहा प्रश्न, पास व्हायला आठ. मॅनेजर दारात येरझाऱ्या घालत होते. बाहेर माझा टँकर धुऊन तयार. मी पेपर दिला. तिने लाल पेनाने तपासला. सात.

मी म्हटलं, जन्मात मला कशात दहापैकी सात पडले नव्हते. ती म्हणाली, "मलाही बरं वाटलं. पण आठ लागतात." एका प्रश्नात विचारलं होतं, तापमान घ्यायचं राहून गेलं तर रकान्यात काय लिहायचं. मी लिहिलं होतं, 'अंदाजे.' मॅनेजरनी डोक्याला हात लावला. तिने मला फ्रिजपाशी नेलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझ्याकडून चार वेळा थर्मामीटर वाचून घेतलं, आणि सव्वाआठला दुसरा पेपर दिला, सगळे प्रश्न नवे. या वेळी नऊ आले. तिने दोनदा मोजले. मग सही केली, माझी सही घेतली, आणि मॅनेजर तो कागद घेऊन अक्षरशः पळत गेले.

माझा टँकर त्या दिवशी दीड तास उशिरा निघाला. फाटकाच्या रजिस्टरमध्ये उशिराचं कारण लिहावं लागतं. मी पेन उचललं तर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'चालक पहिल्या परीक्षेत नापास झाल्यामुळे.'