तिच्यासाठी केलेली प्रार्थना

दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची घरसभा असते. आळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं, दोन गीतं म्हणायची, थोडं वचन वाचायचं, मग एकमेकींच्या अडचणींसाठी प्रार्थना. शेवटी चहा-चिवडा. ऐकणाऱ्याला फार गोड वाटतं. मलाही वाटायचं. आता त्या चहाचं नाव काढलं तरी शिसारी येते.

माझी धाकटी बहीण तेव्हा मारेगावचं सासर सोडून आमच्याकडे यवतमाळला आली होती. नवरा हात उचलायचा. हे तिने मला सांगितलं आणि मंडळीतल्या एका मावशीला, कारण प्रार्थनेत त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं सगळेच म्हणायचे. "मावशी, कोनाले सांगू नका. फक्त माह्यासाठी प्रार्थना करा," इतकंच तिचं मागणं. परत नांदायला जायचं की नाही, हे तिला स्वतःच ठरवायचं होतं.

त्या शुक्रवारी सभा आमच्याच घरी होती. मावशींनी डोळे मिटले, हात वर केले आणि सुरू झाल्या. "हे बापा, तू जाणतोस, या लेकराचा नवरा दारू पिऊन मारते. तू जाणतोस, त्या मारानं तिच्या पोटातलं लेकरू गेलं. तू जाणतोस, सासूनं दवाखान्यातबी नेलं नाही."

बापाला सगळं ठाऊक होतं, तर हे एवढं साग्रसंगीत चाललं होतं कोणासाठी? पोटातल्या लेकराचं तर तिने मलाही सांगितलं नव्हतं, फक्त मावशींना. मी डोळे उघडले. निम्म्या बायकांचे उघडेच होते, आणि सगळ्या बहिणीकडे बघत होत्या. तोंडाने मात्र "होय प्रभू, होय प्रभू" चालूच. एकीने तर शेजारणीच्या कानाशी लागून विचारलं, "कितवा महिना होता वं?"

आमेन झालं तशी बहीण उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. बायकांनी चिवडा दुसऱ्यांदा मागून घेतला. मी मावशींना सरळ विचारलं, "तिनं कोनाले सांगू नका म्हनलं होतं ना?"

बोटं चाटत त्या म्हणाल्या, "मी कोनाले सांगतलं? मी तं देवाले सांगतलं."

दिवस मावळायच्या आत मारेगावहून सासूचा फोन आला. आमची इज्जत चव्हाट्यावर मांडली, आता इकडे पाय ठेवायचा नाही. बहिणीला जे ठरवायचं होतं, ते असं परस्पर ठरून गेलं.

आता ती लोहाऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला जाते. चर्चला येत नाही. शुक्रवारी तिच्यासाठी अजून प्रार्थना होते, नाव घेऊन, हरवलेलं मेंढरू म्हणून. हे मेंढरू कोणी हाकललं, ते मात्र एकीच्याही तोंडून निघत नाही.

परवा मी तिला विचारलं, "घरी तरी प्रार्थना करते का वं?"

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "बसाले बसते ताई, पन शब्दच निंघत नाही. वाटते, कोनीतरी आयकून राह्यलं."