हरलीनची हिरवी पाकळी

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. ह्यांच्यापासून काही म्हणून लपवत नाही, असं चारचौघांत मिरवते मी — आणि हे एवढं पोटात ठेवून बसलेय. तुम्हाला सांगते. का तुम्हालाच, ते विचारू नका.

पण आधी माझं कौतुक ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कराडची. काज असो, कशिदा असो, क्रोशाचा रुमाल असो — माझं काम बघून बायका तोंडात बोट घालायच्या. हे डॉक्टर, त्यांच्या नोकरीपायी चंदीगडला आलो. मुलगा कॉलेजात गेला, तशी मीही गेले! फॅशन डिझाइनच्या वर्गात, पंचेचाळिशीत. पोरी मला आंटी जी म्हणायच्या आणि टाका चुकला की माझ्याकडेच धावायच्या. मुलगा म्हणायचा, "आई, तुम तो पक्का टॉप करोगी यार." ह्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. पण बोलला ते खरं, मला टॉपच करायचं होतं.

घोडं अडलं ते कॉम्प्युटरपाशी. पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवणारी मी — आणि पडद्यावरचा बाण कुठं पळाला ते शोधत बसायची. शिकवलं ते हरलीननं. माझ्या वर्गातली, लेकीच्या वयाची, रोज डेराबस्सीहून बसनं यायची. वर्ग सुटला तरी माझ्यासाठी थांबायची. तेच तेच पुन्हा विचारलं तरी कधी कपाळावर आठी नाही. मी तिच्यासाठी थालीपीठ न्यायची. माया होती हो माझी तिच्यावर, ते काही खोटं नव्हतं.

शेवटच्या कामात प्रत्येकीनं फुलकारीचं, म्हणजे पंजाबी भरतकामाचं, एक फूल हातानं भरायचं होतं. मग ते स्कॅन करून, कॉम्प्युटरवर त्याचं रिपीट करायचं — म्हणजे तेच फूल पुन्हा पुन्हा मांडून ओढणीभर नक्षी — आणि कापडावर छापून घ्यायचं. अट एकच, फूल स्वतः भरलेलं हवं. जिचं काम सर्वांत सरस, तिला मोहालीच्या एका डिझायनरकडे शिकायला घेणार होते. एकीलाच. हरलीनला ती जागा नाही मिळाली, तर घरचे तिला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लावणार होते. हे मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, थालीपीठ खाता खाता.

आता फुलकारी भरतात कापडाच्या उलट बाजूनं, एकेक धागा मोजत. मी आयुष्यभर सुलट बाजूनं भरत आलेली. हरलीन म्हणाली, "मैं दिखा दूँ, आंटी जी?" मी म्हटलं, राहू दे. कॉम्प्युटर तिच्याकडून शिकले, आता सुईसुद्धा तिच्याकडूनच शिकायची? मी? माझं फूल चुण्या पडून पार गोळा झालं.

तिचं मात्र काय देखणं उतरलं होतं! केशरी पाकळ्या आणि त्यात एकच हिरवी. आमच्याकडे चांगला स्कॅनर होता, म्हणून तिनं ते विश्वासानं माझ्याकडे दिलं. स्कॅन केलं आणि सरावाला म्हणून मी त्याचं रिपीट करायला घेतलं. ती हिरवी पाकळी प्रत्येक फुलात यायची आणि ओढणीभर हिरव्या रेघा उमटायच्या. मला वाटलं, पोरीचा दोरा संपला असेल. पडद्यावर मी ती केशरी केली, फुलं अर्धी अर्धी सरकवली, रंग बदलले... आणि जमलं की! जोड शोधूनही सापडेना. मी एकटीच घरात टाळ्या पिटल्या. ते रिपीट माझं होतं, कुणी शिकवलेलं नाही, कुणी हात धरलेला नाही. आजही छाती पुढे काढून सांगते. पण त्यातलं फूल माझं नव्हतं, आणि फुलाशिवाय ते दाखवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंधी आली, इकडचं धुळीचं वादळ. मी हरलीनला फोन केला — तुझं कापड धुऊन गॅलरीत वाळत घातलं होतं, उडालं गं. ती धावत आली आणि समोरच्या पार्कात शोधायला लागली. आणि मी? गॅलरीत उभी राहून वरून सांगत होते, त्या कुंपणापाशी बघ, त्या बाकाखाली बघ. कापड माझ्या कपाटात, टॉवेलांच्या खाली. ती खालून ओरडली, "एक पत्ती हरी है, आंटी जी, पहचान लेंगे! नजरबट्टू है!" म्हणजे तिनं ती मुद्दाम वेगळी ठेवली होती. आपण बाळाला तीट लावतो ना, दृष्ट लागू नये म्हणून, तशी.

ती हिरमुसून गेली आणि मी ती पाकळी उसवली. केशरी दोऱ्यानं पुन्हा भरली, माझ्या पद्धतीनं, सुलट बाजूनं. इतकी बेमालूम, की माझी मलाच ओळखू येईना. आणि सांगू? लाज नाही वाटली. अभिमान वाटला.

प्रदर्शनात माझी ओढणी मधोमध लागली, शेजारी ते फूल. हरलीननं घाईघाईत दुसरं फूल भरलं होतं, ते कोपऱ्यात होतं. ती माझ्या फळ्यापाशी आली. बराच वेळ बघत राहिली. मग कापडाची खालची कड हळूच उचलली आणि मागची बाजू बघितली. फुलकारीत मागे नुसते बारीक ठिपके दिसतात. एका पाकळीत मात्र मागेही भरगच्च केशरी दोरा होता. तिचं बोट तिथंच थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या वर्गाच्या मॅडम हाताच्या अंतरावर होत्या, एक वाक्य पुरलं असतं. मी मॅडमकडे बघून हसले. हरलीननं कड खाली सोडली, हातानं नीट सारखी केली आणि म्हणाली, "बहोत सुंदर है, आंटी जी."

निवड माझी झाली. मी गेलेही. ती कारखान्यात लागली.

आज माझ्या नक्षीच्या ओढण्या दुकानांत लागतात, पोरी माझ्या हाताखाली कॉम्प्युटर शिकतात. मी चांगली आहे माझ्या कामात, फार चांगली आहे. ते फूल दिवाणखान्यात लावलंय, काचेच्या चौकटीत. येणारे म्हणतात, वहिनी, दृष्ट काढा हो. मी हसते आणि चहा टाकायला आत जाते. चौकट मी स्वतः उभी राहून करून घेतली. मागून जाड पुठ्ठा चिकटवलाय, कुणाला उलटून बघता येऊ नये म्हणून.